उजवा डोळा मेहुणेबुवांचा

मखमलशेठ जळकुकडा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस वाईट नव्हता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण दुसऱ्याचं कौतुक झालं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. रस्त्यापलीकडे नवीन सलून निघालं तेव्हा सहा महिने तो दुकानातून बाहेर पडला की मान उजवीकडे वळवून चालायचा, का तर डावीकडची ती नवी पाटी दिसायला नको. मान आखडली, बायकोनं शेकून दिली, पण पाटी काही त्यानं वाचली नाही.

त्याचं खरं नाव गिऱ्हाइकांना ठाऊकच नव्हतं. हात इतका हलका की गालावरून वस्तरा फिरून गेला तरी पत्ता लागायचा नाही, म्हणून कधीतरी कोणीतरी मखमलशेठ म्हणालं आणि तेच चिकटलं. केस कापताना आकाशपाताळ एक करणारी पोरं लोक लांबून त्याच्याकडे घेऊन यायचे. तो बोट वर करायचा, "ते बघ, पंख्यावर कोण बसलंय?" पोर वर बघायचं, तेवढ्यात कानामागचे केस खाली पडलेले असायचे. गिऱ्हाइकाला कळायच्या आत काम झालं पाहिजे, एवढंच त्याचं शास्त्र. गळ्याला चादर बांधली की माणसाचं बाकी सगळं झाकलं जातं, उरतो तो चेहरा. पंचवीस वर्षं तो चेहरेच बघत आला होता. कोणाची दाढ दुखतेय, कोणाचं घरी बिनसलंय, हे तो आरशात बघून सांगायचा.

आणि अशा माणसाला त्याची स्वतःची मुलगी चेहऱ्याला हात लावू द्यायची नाही.

मुलीला घरात ठकू म्हणायचे. वय नऊ. तिला ऑटिझम आहे हे ती तीन वर्षांची असताना कळलं होतं, आणि रडून, भांडून, डॉक्टर पालथे घालून झाल्यावर घरानं ते मान्यही केलं होतं. ठकूकडे मोजके शब्द होते. पाणी, नको, चल, चिमटा, मामा. कपडे वाळत घालायचे चिमटे तिला फार प्रिय, ती ते रंगानुसार जमिनीवर ओळीत लावायची, आणि ओळ मोडली की घर डोक्यावर घ्यायची. बाबा हा शब्द अजून यायचा होता. मामा मात्र दोन वर्षांपूर्वीच येऊन बसला होता, आणि मखमलशेठच्या मनात ते तेव्हापासून सलत होतं.

दरवर्षी रस्त्याकडेच्या झाडांना पिवळे तुरे लागायचे आणि ठकू बिथरायची. झोप नाही, जेवण नाही, भिंतीवर डोकं आपटायचं, जो जवळ येईल त्याला चावायचं. दोन महिन्यांनी तुरे झडले की पोरगी पुन्हा पूर्ववत. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिचा हा काळ अवघड जातो. घरचे म्हणायचे, आली ठकूची लहर. मखमलशेठनंही तिचा चेहरा शंभर वेळा बघितला होता आणि त्याला त्यात राग दिसला होता.

खरं काय ते ओळखलं मेहुण्यानं. बायकोचा थोरला भाऊ, पोट सुटलेला, बोटं ओबडधोबड, अंगाला कायम सिमेंटचा वास, चहा पिताना असा आवाज करायचा की शेजारच्यांना कळावं. बांधकामावर क्रेनला इशारे द्यायचं काम करायचा. मखमलशेठ त्याला मेहुणेबुवा म्हणायचा, आणि त्यातला बुवा कशासाठी लावलाय हे सगळ्यांना कळायचं. तर हे मेहुणेबुवा एका सुट्टीच्या सकाळी भाचीला फिरवून घेऊन आले आणि म्हणाले, "दाजी, हिला राग नाही येत. हिला खाज येतेय. त्या झाडाखालून गेलो की ही तळहातानं नाक वर घासते, डोळे चोळते. मलाही त्या झाडाखाली शिंका येतात. तिला सांगता येत नाही एवढाच फरक."

नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि मान डोलावली. परागकणांची अ‍ॅलर्जी, बहुतेक चार-पाच वर्षांपासूनची. सकाळी खिडक्या बंद ठेवा, कपडे घरातच वाळवा, बाहेरून आली की तोंड आणि केस धुवा, पातळ औषध रोज एकदा. ते औषध ती आईकडून घेईल, पण खरी गोष्ट डोळ्यांची होती. "इतक्या जोरात चोळत राहिली तर बुबुळाला इजा होईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे थेंब दिवसातून दोनदा, तुरे झडेपर्यंत. पण धरून, दाबून घालू नका. एकदा घाबरली की पुढे अवघड जाईल."

धरून कोण घालतंय, मखमलशेठ मनात म्हणाला. माझा हात आहे की.

घरी आल्यावर त्यानं बाटली उघडली, बोट वर केलं, "ते बघ, पंख्यावर कोण बसलंय?" आता ठकूला बोट दाखवलं की ती बोटाकडे बघते, पंख्याकडे नाही. तिनं बोट नीट बघून घेतलं. मग बाटलीचं टोक पापणीला लागलं आणि तेच बोट तिनं कडकडून चावलं. दुसऱ्या दिवशी दुकानात पट्टी बांधलेल्या बोटाबद्दल जो तो विचारायला लागला. मखमलशेठ म्हणाला, वस्तरा लागला. पंचवीस वर्षांत त्याला कधी वस्तरा लागला नव्हता, पण मुलीनं जवळ येऊ दिलं नाही हे सांगण्यापेक्षा ते बरं.

बायकोनंही दोनदा प्रयत्न केला, तिला ओरबाडे मिळाले. मग संध्याकाळी कामावरून मेहुणेबुवा आले. त्यांचं बांधकाम तिथून जवळच, दोन थांबे पलीकडे. बहिणीनं रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं, तसे ते बाटली घेऊन ठकूच्या खोलीत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले.

"झालं."

"काय झालं?" मखमलशेठनं विचारलं.

"थेंब."

"दोन्ही डोळ्यांत?"

"हो. चहा टाकलाय का गं?"

मखमलशेठच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलीचे डोळे वाचले याचा आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल, पण तो कुठेतरी तळाशी, आणि वर सगळा जाळ. त्या सिमेंटच्या हातात असं आहे काय? ते हात साधं बटण लावू शकत नाहीत. आणि बायको भावाला म्हणतेय, दादा, तू नसतास तर. तिच्या तोंडून स्वतःबद्दल असं काही ऐकून किती वर्षं झाली याचा हिशेब मखमलशेठनं चहा निवेपर्यंत केला.

मग रोजचंच झालं. मेहुणेबुवा सकाळी कामावर जाताना यायचे, संध्याकाळी परतताना यायचे. ठकू झोपायला लागली, जेवायला लागली. मखमलशेठ रोज दाराच्या फटीला डोळा लावून उभा. ठकू निळ्या स्टुलावर बसलेली, मान मागे, मेहुणा समोर, डोक्यावर तेच पिवळं हेल्मेट, अंगात तेच नारिंगी जाकीट, तोंडानं एक ते पाच मोजणं. तो मुलीचा चेहरा निरखायचा. शांत. हे त्याला अगदी असह्य व्हायचं.

त्यानं अभ्यास सुरू केला. आपल्या अंगाला लोशनचा वास येतो, तो तिला आवडत नसेल. लोशन बंद, साध्या साबणानं कोपरापर्यंत हात धुणं सुरू. नाही. मग स्टूल तसंच ठेवून, आवाज घोगरा करून एक ते पाच मोजून बघितलं. नाही. शेवटी एका संध्याकाळी मेहुणेबुवा जेवायला बसलेले असताना त्यांचं हेल्मेट आणि जाकीट चढवून तो ठकूपुढे जाऊन उभा राहिला. जाकीट गुडघ्याला लागत होतं, हेल्मेट नाकावर येत होतं. ठकूनं त्याच्याकडे बघितलं. उठली, स्टुलावर चढली, हेल्मेट त्याच्या डोक्यावरून काढलं आणि जाऊन मामाच्या शेजारच्या खुर्चीवर, ते नेहमी असायचं तिथे, नेऊन ठेवलं.

"अहो, हे काय सोंग?" बायको दारातून म्हणाली. मेहुणेबुवा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात बातमी आली की मेहुण्याचं इथलं काम आठ दिवसांत आटोपतंय, पुढचं बांधकाम लांब, तिथेच राहायचं. तुरे झडायला अजून महिना. बायको हवालदिल झाली. मखमलशेठ आधी मनातून खूश झाला, आणि मग त्याला घाम फुटला. पण त्या घामातही त्याला जे सुचलं ते असं की मेहुणा जायच्या आत आपण करून दाखवायचं. तो गेल्यावर केलं तर काय केलं?

त्या संध्याकाळी बायको कामावरून यायची होती. मेहुणेबुवा दारात आले. मखमलशेठ दार अडवून उभा राहिला.

"झोपलीय ती. आज मीच घातले थेंब."

"घालू दिले तिनं?"

"मग काय."

मेहुण्याचा चेहरा असा उजळला की बघवेना. "वा दाजी. आता मी निर्धास्त जातो," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

आता खोटं बोललं म्हणजे खरं करून दाखवणं आलं. ठकू जमिनीवर सोफ्याला टेकून बसली होती, समोर चिमट्यांची ओळ, डोकं मागे उशीवर, डोळे अर्धवट मिटलेले. मखमलशेठ मागून आला. पंचवीस वर्षांची सगळी कला त्यानं त्या दोन क्षणांत ओतली. डावा डोळा, उजवा डोळा, एकेक थेंब, पापणीला स्पर्शसुद्धा नाही. कळायच्या आत.

ठकू ओरडली नाही. चावली नाही. थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग तिनं चिमट्यांची ओळ स्वतःच्या हातानं मोडली आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर घट्ट दाबून धरले.

मखमलशेठनं बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती मुलीकडे बघत म्हणाली, "मग हिनं हात का धरलेत असे?"

सकाळीही हात तसेच. मेहुणेबुवा आले, स्टुलाजवळ बसून राहिले, कामाला उशीर झाला तरी बसले, पण हात खाली आले नाहीत. मामाच्या आवाजालाही नाहीत. तीन दिवस हेच चाललं. एका हातानं जेवायची, दुसरा डोळ्यांवर. शाळेतून फोन आला, हिला घेऊन जा. थेंब बंद झाले तशी खाज वाढली, आणि ती मनगटांनी डोळे चोळायला लागली. पापण्या सुजून टम्म झाल्या. डॉक्टरबाईंनी लांबूनच बघितलं, कारण जवळ जाताच येत नव्हतं. म्हणाल्या, "आणखी दोन-तीन दिवस बघू. नाहीच जमलं तर भूल देऊन डोळे तपासावे लागतील." मेहुण्यानं विचारलं, "दाजी, त्या दिवशी नेमकं काय झालं?"

"काही नाही," मखमलशेठ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका बापानं लहान मुलाला आणलं. मखमलशेठनं सवयीनं बोट वर केलं आणि पोरानं वर बघायच्या आत खाली घेतलं. त्यानं कात्री ठेवली, बापाला नंतर यायला सांगितलं, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि बांधकामावर गेला.

कुंपणाच्या जाळीतून मेहुणा दिसत होता. एक भलामोठा खांब दोरखंडाला लटकत होता. क्रेनवाला वर एवढ्या उंचीवर बसलेला की त्याला खालचं काहीच दिसत नसावं. मेहुण्यानं हात वर केला, पंजा उघडा. सगळं थांबलं. खाली खांबाची दोरी धरलेल्या कामगारानं अंगठा दाखवला, तेव्हा कुठे मेहुण्यानं बोट फिरवलं आणि खांब हळूहळू सरकला. पुन्हा पंजा. या वेळी कामगाराचा अंगठा आला नाही, त्याचा पाय कुठेतरी अडकला होता. मेहुणा तसाच पंजा वर करून उभा राहिला. उन्हात, घामानं निथळत, अजिबात घाई नाही. मखमलशेठ आजवर लोकांना सांगत आला होता की आमचे मेहुणेबुवा हात हलवायचं काम करतात.

जेवणाच्या सुट्टीत मेहुणा जाळीपाशी आला.

"मी फसवलं तिला," मखमलशेठ म्हणाला. "तुम्हालाही. ती झोपली नव्हती. मागून गेलो आणि घातले. तुमचं कौतुक मला सोसत नव्हतं."

मेहुण्यानं डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही रोज फटीतून बघत होतात ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमची पावलं दिसायची दाराखालून. बघत होतात, मग तिचे हात नाही दिसले?"

"हात?"

"आमचा कामावरचा इशारा, तिला खेळात शिकवलाय. मी पंजा दाखवायचो. ती अंगठा दाखवायची. मग पाच मोजायचे, मग थेंब. अंगठा नाही आला तर बाटली बंद, परत पंधरा मिनिटांनी. पहिल्या दिवशी नशीब, लगेच आला. कधीकधी तीन-तीनदा परत जावं लागलंय."

पंधरा दिवस त्यानं फक्त चेहरा बघितला होता. गिऱ्हाइकाचे हात चादरीखाली असतात, ते बघायची त्याला सवयच नव्हती.

"आता तुम्हीच या," तो म्हणाला. "माझ्या हातून नाही व्हायचं."

"मी येऊन काय करू? इशारा एकदा खोटा निघाला की वर बसलेला माणूस कोणाचंच ऐकत नाही, माझंसुद्धा नाही. मग वजन जमिनीला टेकवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. आणि ज्यानं खोटं केलं त्यानं करायचं." मेहुण्यानं डबा उचलला. "मला राग आलाय, दाजी. तेवढं सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. मखमलशेठनं मागच्या गल्लीनं, झाडं नव्हती त्या बाजूनं, ठकूला दुकानात नेलं. ती तिथे कधी आली नव्हती, मशिनचा आवाज तिला सहन व्हायचा नाही. त्यानं सगळ्या मशिनच्या वायरी काढून तिला दाखवल्या. मग ज्या खुर्चीवर तो कधी बसला नव्हता त्या खुर्चीवर स्वतः बसला. हात आपोआप चादरीकडे गेला. त्यानं ती घडी करून खाली ठेवली आणि दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, उघडे, दिसतील असे.

डॉक्टरबाईंनी डोळे धुवायला साध्या पाण्याच्या थेंबांची एक वेगळी बाटली दिली होती. ती त्यानं ठकूच्या पुढे धरली आणि मान मागे टाकली. ठकू बोटांच्या फटीतून बघत राहिली. बराच वेळ गेला. मग दोन्ही हात डोळ्यांवरून खाली आले आणि तिनं बाटली घेतली.

तिनं पंजा वर केला. मामासारखाच, बोटं अगदी ताठ. आणि थांबली.

या दुकानात आजवर कोणी कोणाच्या होकारासाठी थांबलं नव्हतं. मखमलशेठ मान मागे टाकून वरच्या बाटलीकडे बघत होता, आणि त्याची पापणी आपोआप मिटत होती. साधं पाणी, स्वतःची मुलगी, आणि तरी. त्यानं अंगठा वर केला. ठकूनं मोजलं, हे शब्द तिच्या तोंडी पहिल्यांदाच, एक, दोन, तीन, चार, पाच, मामाच्या घोगऱ्या सुरात. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानात. तिसऱ्यासाठी तिनं पुन्हा पंजा दाखवला, पुन्हा अंगठ्याची वाट बघितली. तो डोळ्यात गेला. डोळ्यातून मग पाणी वाहायला लागलं, आणि ते सगळंच काही बाटलीतलं नव्हतं.

तो उतरला. ठकू खुर्चीकडे बघत राहिली, आणि मग स्वतःहून चढून बसली. मान मागे टाकली. हात डोळ्यांवर गेले नाहीत. सुजलेले, लाल डोळे त्याला इतक्या जवळून पाच दिवसांत पहिल्यांदा दिसले.

मखमलशेठनं खरी बाटली उघडली, पंजा वर केला. अंगठा येईना. बाहेरून कोणीतरी काचेवर टकटक केली, नेहमीचं गिऱ्हाईक, दाढीसाठी. त्यानं वळून बघितलं नाही. तो तिच्या हाताकडे बघत होता. हात दुखायला लागला तरी त्यानं पंजा खाली घेतला नाही. मग अंगठा हलला, आणि वर झाला.

"एक, दोन, तीन, चार." चारला डोळा छान उघडा होता, आत्ताच सोडावा असं बोटांना वाटलं. "पाच." थेंब डाव्या डोळ्यात पडला. ठकूनं डोळा मिटला, उघडला.

त्यानं पुन्हा पंजा दाखवला, उजव्यासाठी. या वेळी ठकूनं मूठ मिटून घेतली. तो थांबला. मूठ तशीच. मान मागे, उजवा डोळा उघडा, बाटली एका बोटाच्या अंतरावर, आणि त्याचा हात असा की तिला कळलंसुद्धा नसतं.

त्यानं बाटलीला झाकण लावलं आणि ते तिला दाखवलं.

पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारलं, मूठच. अर्ध्या तासानं विचारलं, ठकू म्हणाली, "मामा."

पोटात दुखायचं ते दुखलंच. मखमलशेठनं ते दुखू दिलं, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

"मेहुणेबुवा," तो म्हणाला, "डावा झाला. उजवा तुमच्यासाठी ठेवलाय. येता का?"